उताराची परसबाग आणि मंद दाबाचे पाणी : तुषार सिंचनाच्या नियोजनाचा एक पाठ

वाशिम जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानी येते. हा जिल्हा पाणी साठविणारा नसून पाणी वाटून देणारा आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे येथून जातात. याच भूमीवर उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत पूर्णेला आणि पूर्णेवाटे तापीला मिळते. दक्षिणेकडील पाणी मात्र पैनगंगेच्या वाटेने वर्धा आणि प्राणहिता या नद्यांमधून गोदावरीत जाते. एका पाण्याला अरबी समुद्र, तर दुसऱ्याला बंगालचा उपसागर! अशा दुभाजक प्रदेशात उतार हा अपवाद नसतो, तो नियमच असतो. दिनांक १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहाही तालुक्यांत उंचवट्यावर वसलेल्या वस्त्या, टेकाडावर बांधलेल्या शाळा आणि घरामागे घसरत गेलेली परसे सर्वत्र आढळतात.

शेतातील तुषार सिंचन या जिल्ह्याला नवे नाही. रब्बी हंगामात हरभऱ्याच्या शेतात फिरणारे तुषार आणि पाळीपाळीने पाइप हलविणारे शेतकरी हे येथील नेहमीचे दृश्य आहे. मात्र शेतातील संच आणि परसबागेतील संच यांत मूलभूत अंतर आहे. शेतातील संचामागे विहिरीवरील तीन वा पाच अश्वशक्तीचा पंप असतो. परसबागेमागे असते ती केवळ छतावरची टाकी किंवा ठरावीक वेळी येणारा नळ. म्हणूनच शेतात डौलाने फिरणारे नोझल परसबागेत आणून बसविले की ते फिरतही नाही आणि फवारतही नाही, नुसते गळत राहते. मग संच अडगळीत पडतो आणि माघ-फाल्गुनात बाग वाळते. हे टाळावयाचे तर खरेदीपूर्वी थोडे मोजमाप आणि थोडे गणित करणे अवश्य आहे. हे गणित सातवीच्या विद्यार्थ्यालाही जमण्याजोगे आहे आणि शाळेच्या परसबागेत ते विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावे.

दाब म्हणजे उंची

पाण्याच्या दाबाविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात. टाकी मोठी असली म्हणजे दाब जास्त, ही समजूत त्यांपैकी एक होय. दाब टाकीच्या आकारावर नव्हे, तर पाण्याच्या पातळीच्या उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीवरील पाणी खाली सुमारे एक किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका दाब देते. मग टाकी पाचशे लिटरची असो वा पाच हजार लिटरची.

आता एकमजली शाळेचे उदाहरण घेऊ. जोत्याची उंची ०.६ मीटर, भिंतीची ३.६ मीटर आणि छतावरील टाकीच्या ओट्याची १.२ मीटर धरली, तर टाकीचा तळ जमिनीपासून ५.४ मीटर उंच झाला. परसबागेचा वरचा भाग शाळेच्या जमिनीपेक्षा १.६ मीटर खाली असेल, तर तेथे उपलब्ध उंची बरोबर ७ मीटर होते, म्हणजेच ०.७ किलोग्रॅम दाब. शेतातील फिरत्या तुषारास सामान्यतः २ ते ३ किलोग्रॅम दाब लागतो. तो येथे चालणार नाही, हे खरेदीपूर्वीच कळून चुकते. अशा ठिकाणी कमी दाबावर चालणारे सूक्ष्म तुषार किंवा ठिबक हेच पर्याय उरतात.

सूक्ष्म तुषाराच्या वेष्टनावर लिहिलेला प्रवाहही जसाच्या तसा गृहीत धरू नये. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. दीड किलोग्रॅम दाबावर ताशी ६० लिटर पाणी देणारा तुषार अर्ध्या किलोग्रॅम दाबावर सुमारे ३५ लिटरच देतो. त्याच्या फवाऱ्याचा घेरही आखडतो. उत्पादकाच्या तक्त्यात त्या तुषाराचा किमान दाब किती दिला आहे, हे पाहूनच निवड करावी.

बादली आणि घड्याळ

दाबानंतर प्रवाह मोजावा. टाकीत पाणी तळाशी असताना, म्हणजे सर्वांत प्रतिकूल स्थितीत, बागेकडे येणाऱ्या नळीची तोटी पूर्ण उघडावी आणि १५ लिटरची बादली किती वेळात भरते ते पाहावे. ती एका मिनिटात भरली असे समजू. तेव्हा ताशी ९०० लिटर पाणी मिळते, असा निष्कर्ष कोणीही काढील. परंतु नेमकी येथेच पुष्कळांची चूक होते.

तोटी पूर्ण उघडी असताना सातही मीटर उंची नळीतील घर्षणात खर्ची पडलेली असते. पाणी बादलीत पडताना त्यात दाब उरलेला नसतो. तुषाराला तर तोंडाशी दाब हवा. सात मीटरपैकी पाच मीटर तुषारासाठी राखून ठेवावयाचे म्हटले, तर घर्षणाकरिता दोनच मीटर शिल्लक राहतात. घर्षणातील घट ही ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते. यास्तव दोन मीटरमध्ये बसणारा प्रवाह काढताना दोनला सातने भागून वर्गमूळ घ्यावे व त्याने १५ ला गुणावे. उत्तर मिनिटास सुमारे ८ लिटर, म्हणजे ताशी ४८० लिटर येते. म्हणजेच बादलीने दाखविलेल्या प्रवाहाच्या जेमतेम निम्मा! गाळणी व उपनळ्या यांतही थोडी घट होतेच. म्हणून एका वेळी ताशी ३५० लिटरपर्यंतच मागणी ठेवणे शहाणपणाचे ठरेल. ३५ लिटरचा एक याप्रमाणे एका वेळी दहा तुषार. या दहाच्या जागी पंचवीस तुषार एकदम लावले, तर पंचवीसही निकामी होतील.

प्रवाह वाढविण्याचा एक स्वस्त उपाय मात्र आहे. टाकीपासून बागेपर्यंत स्वतंत्र आणि मोठ्या व्यासाची नळी आणावी व कोपरे शक्य तितके कमी ठेवावेत. व्यास दुप्पट केला असता तितक्याच प्रवाहाला होणारी घर्षणाची घट सुमारे तिसाव्या हिश्श्यावर येते. अर्ध्या इंची जुन्या नळीवर महागडे तुषार बसविण्यापेक्षा नळी बदलणे केव्हाही अधिक किफायतशीर होय.

उताराचे मोजमाप

उतार डोळ्यांनी पाहून ठरवू नये. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पाण्याने भरून दोन काठ्यांना बांधली की पुरे. दोन टोकांतील पाणी एका पातळीत येते आणि काठ्यांवरील मापांतील फरक म्हणजे जमिनीचा चढउतार. जलसंधारणाच्या कामात गावकऱ्यांनी हाताळलेला हायड्रोमार्कर याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे पुष्कळ गावांत हे काम जाणणारी माणसे सापडतील.

आपल्या उदाहरणातील बाग उताराच्या दिशेने १४ मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे, आणि तिचा उतार शेकडा दहा आहे, असे मानू. चार-चार मीटर रुंदीचे तीन टप्पे व त्यांमध्ये एक-एक मीटरच्या दोन वाटा अशी आखणी केली, तर प्रत्येक टप्पा ४० चौरस मीटरचा व एकूण लागवड १२० चौरस मीटरची होते. टप्पे समपातळी रेषेवर आखावेत. दगडांचा सुबक बांध घालणे शक्य नसले, तरी मातीची वरळी व तिच्यावर गवत एवढे तरी असावेच.

नळ्यांच्या आखणीचे सूत्र लक्षात ठेवण्यास सोपे आहे : मुख्य नळी उताराबरोबर खाली, उपनळ्या उताराला आडव्या. उपनळी समपातळीवर असली म्हणजे तिच्यावरील सर्व तुषारांना जवळजवळ सारखाच दाब मिळतो. तीच उपनळी उताराने सोडली, तर वरचा तुषार अर्धपोटी आणि खालचा अतिभोजनाने आजारी, अशी स्थिती होते. शिवाय पाणी बंद केल्यावर नळीत उरलेले सारे पाणी सर्वांत खालच्या तुषारातून गळत राहते व तेथे रोज चिखल होतो.

प्रत्येक टप्प्यावर दोन-दोन मीटरवर पाच तुषारांच्या दोन ओळी, म्हणजे दहा तुषार, आणि प्रत्येक टप्प्याला स्वतंत्र व्हॉल्व्ह असावा. तुषारांतील अंतर फवाऱ्याच्या त्रिज्येहून फारसे अधिक नसावे. एकाचे पाणी शेजारच्या तुषाराच्या बुंध्यापर्यंत पोहोचावे. संपूर्ण संच पुरण्यापूर्वी एक तुषार लावून त्रिज्या प्रत्यक्ष मोजावी. ती दोन मीटरहून कमी भरली, तर अंतर कमी करावे व त्या प्रमाणात टप्पेही वाढवावेत.

जमिनीची पिण्याची गती

पाणी देण्याची गती पाण्यावरून नव्हे, जमिनीवरून ठरवावी लागते. ताशी ३५ लिटर पाणी चार चौरस मीटरवर पडले, तर तासाला पावणेनऊ मिलिमीटर पाऊस पडल्यासारखे होते. एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर, हे समीकरण येथे कायमचे पाठ करून ठेवावे.

काळी भारी जमीन कोरडी असताना भेगांतून झपाट्याने पाणी घेते. ती एकदा फुगली म्हणजे मात्र तिची पिण्याची गती ताशी काही मोजक्या मिलिमीटरवर येते. उतारावर याहून अधिक वेगाने पडणारे पाणी मुरत नाही, ते वाहते आणि सोबत वाफ्यातील बी व खत घेऊन जाते. माथ्यावरील बरड, मुरमाड जमीन पाणी चटकन पिते, परंतु धरून ठेवीत नाही. दोहोंवर उपाय एकच : थोडे थोडे आणि थांबून थांबून पाणी देणे.

भाजीपाल्याची दैनंदिन गरज ५ मिलिमीटर धरू. हिवाळ्यात ती यापेक्षा कमी व चैत्र-वैशाखात बरीच अधिक असते. तुषारांची कार्यक्षमता शेकडा ७५ मानली, तर प्रत्यक्षात ६.७ मिलिमीटर पाणी द्यावे लागेल. १२० चौरस मीटरसाठी ते सुमारे ८०० लिटर होते. ताशी पावणेनऊ मिलिमीटरच्या गतीने त्यास प्रत्येक टप्प्यावर सुमारे ४५ मिनिटे लागतात. ही ४५ मिनिटे सलग न देता पंधरा-पंधरा मिनिटांच्या तीन पाळ्यांत विभागावी. पहिला टप्पा पंधरा मिनिटे, मग दुसरा, मग तिसरा, आणि पुन्हा पहिला. एक टप्पा पाणी पीत असताना उरलेल्या दोघांना ते मुरविण्यास अर्धा तास मिळतो. एकूण वेळ सव्वादोन तास, तोही कोणाला पाइप धरून उभे न ठेवता.

सर्वांत खालच्या टप्प्याला वरच्यापेक्षा एक मीटर अधिक दाब मिळतो. पाचाचे सहा मीटर झाले की प्रवाह सुमारे शेकडा १० वाढतो. म्हणून त्या टप्प्याची पाळी पंधराऐवजी साडेतेरा मिनिटांची ठेवावी किंवा व्हॉल्व्ह किंचित आवळावा. पाणी पहाटे किंवा सायंकाळी द्यावे. दुपारच्या उन्हावाऱ्यात फवाऱ्याचा मोठा हिस्सा पिकावर न पडता उडून जातो.

सगळ्यांनाच तुषार नको

तुषार हे दाट पेरलेल्या पालेभाज्यांचे साधन आहे. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांना ते मानवते. टोमॅटो, वांगी, मिरची यांची पाने रोज भिजल्यास करप्यासारख्या बुरशीजन्य रोगांना आमंत्रणच मिळते. अशा अंतराने लावलेल्या पिकांना व वेलवर्गीय भाज्यांना ठिबक द्यावे. ठिबकाची कार्यक्षमता शेकडा ९० धरली, तर ८०० लिटरचे काम सुमारे ६७० लिटरांत होते आणि मोकळ्या जागेत पाणी न गेल्याने बचत प्रत्यक्षात याहूनही अधिक होते. शेवगा, कढीपत्ता, पपई, लिंबू यांची जागा सर्वांत खाली, म्हणजे वरून निसटलेले पाणी वाया न जाता त्यांच्या आळ्यात येते. वाफ्यांवर सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन घातल्यास बाष्पीभवन घटते आणि फवाऱ्याच्या थेंबांनी मातीही उडत नाही.

उपलब्ध उंची तीन-चार मीटरहूनही कमी असेल, तर तुषारांचा हट्ट सोडून सर्व बाग ठिबकावर अथवा झारीवर ठेवावी. साधनाला परिस्थितीप्रमाणे निवडावे, परिस्थितीला साधनाप्रमाणे वाकविता येत नाही.

पंप दाब वाढवितो, पाणी नव्हे

दाब कमी पडला की पहिला विचार पंपाचा येतो. जमिनीवरील स्वतःच्या टाकीतून अर्ध्या अश्वशक्तीच्या पंपाने पाणी उचलण्यास हरकत नाही. पंधरा मीटरचा दाब त्याला सहज साधतो. परंतु नळाच्या जोडणीवर थेट मोटार लावणे हा अपराध आपल्या शेजाऱ्याविरुद्ध असतो. मोटार वाहिनीतील पाणी ओढून घेते आणि उंचावरील घरांचे नळ कोरडे पडतात. एवढ्यावरच हे थांबत नाही. वाहिनीत पोकळी निर्माण झाली की गळक्या सांध्यांतून गटाराचे पाणी आत खेचले जाते आणि साऱ्या वस्तीच्या आरोग्यावर संकट येते.

याच कारणाने बागेची नळी पिण्याच्या पाण्याच्या वाहिनीला कधीही सरळ जोडू नये. नळाचे पाणी आधी वेगळ्या टाकीत, काठाच्या वर अंतर ठेवून, मोकळे पडू द्यावे आणि मगच ते बागेकडे न्यावे. चिखलात पडलेल्या तुषारातील पाणी उलट फिरून पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची शक्यता मग राहत नाही. दिनांक १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रतिमाणशी दररोज ५५ लिटर पाणी हे प्रमाण धरले आहे. आपल्या ८०० लिटरांत चौदा माणसांची दिवसाची गरज भागते, हे ध्यानी घेतले म्हणजे बागेसाठी नळाचे पाणी किती जपून घ्यावयास हवे, याची कल्पना येते. छतावरील पावसाचे पाणी, हात धुण्याचे व तांदूळ-भाज्या धुतल्याचे पाणी यांचा विचार प्रथम करावा. धुण्याचे पाणी मात्र तुषारांतून न देता झाडांच्या आळ्यांत सोडावे.

नायगावचा धडा

उतार आणि तुटपुंजे पाणी यांची सांगड घालण्याचा एक थोर प्रयोग महाराष्ट्रातच झाला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर अभियंता विलासराव साळुंखे यांनी पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात नायगाव येथे देवस्थानाची सुमारे ४० एकर उजाड, उताराची जमीन कराराने घेतली. त्यांनी उतारावर बांध घातले, पायथ्याशी पाझर तलाव केला, त्याखाली विहीर खोदली आणि मुरलेले पाणी उचलून पुन्हा उतारावर फिरविले. त्यातूनच पाणी पंचायतीची चळवळ उभी राहिली. तिचे नियम आजही मननीय आहेत. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात. माणशी अर्धा एकर. उसाला पाणी नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा.

परसबाग ही त्या मानाने चिमुकली बाब खरी. परंतु नायगावचा क्रम तिलाही लागू पडतो. आधी पाणी किती, मग ते कोणाचे, नंतर कोणते पीक आणि सर्वांत शेवटी नळी कोणती. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलट असतो. संच प्रथम येतो आणि पाण्याची चौकशी मागाहून होते. वर सांगितलेल्या बागेला दररोज ८०० ऐवजी ४०० लिटरच मिळणार असतील, तर तीन टप्पे अर्धेमुर्धे भिजविण्यापेक्षा दीड टप्पाच पूर्ण पिकवावा आणि उरलेल्या जागेत पावसाळ्यापुरती लागवड करावी.

परीक्षा डब्यांची

संच बसविल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. एकाच मापाचे आठ रिकामे डबे एका टप्प्यावर सारख्या अंतराने ठेवावेत, तासभर तुषार चालवावेत आणि प्रत्येक डब्यातील पाणी औषधाच्या मापाने मोजावे. आठांची सरासरी काढावी. सर्वांत कमी भरलेल्या दोन डब्यांची सरासरी वेगळी काढावी. दुसरीला पहिलीने भागून शंभराने गुणावे. उत्तर ७५ किंवा अधिक आले, तर पाणी समाधानकारक रीतीने समान पडते आहे. कमी आल्यास तुषार तिरपा आहे काय, छिद्रात कचरा आहे काय, गाळणी तुंबली आहे काय, हे क्रमाने पाहावे. बहुतेक वेळा दोष दाबात नसून गाळणीत सापडतो. ती आठवड्यातून एकदा धुण्याचे काम एखाद्या वर्गाकडे नेमून द्यावे.

पंचायत आणि शाळा यांचे कार्य

शालेय पोषण आहाराला २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजना असे नाव लाभले आहे. त्या आहारात शाळेच्याच बागेतील ताजी भाजी पडावी, हा शालेय परसबागांमागील हेतू होय. तो हेतू पाण्याच्या नियोजनावर अवलंबून आहे. ग्रामपंचायतीने शाळेच्या बागेसाठी किती पाणी व कोणत्या दिवशी देणार, हे ठरावाने निश्चित करावे. उन्हाळ्याच्या सुटीत व्हॉल्व्ह कोण फिरविणार, हेही त्याच ठरावात लिहावे. पाणीटंचाई जाहीर झाल्यास बागेचे पाणी प्रथम बंद होईल, हेही आधीच मान्य केलेले बरे. मुख्याध्यापकांनी बागेचा नकाशा, टप्प्यांचे क्षेत्र, पाळ्यांची मिनिटे आणि रोजचे लिटर यांचा फलक बागेच्या दाराशी लावावा. शिक्षक बदलून गेले, तरी फलक राहतो आणि बाग चालू राहते.

ज्या विद्यार्थ्याने बादली व घड्याळ घेऊन नळ मोजला, लेव्हल नळीने उतार काढला आणि आठ डब्यांची सरासरी मांडली, तो उद्या आपल्या शेतातील हरभऱ्याला पाणी देताना विहिरीलाही प्रश्न विचारील : तुझ्यात पाणी किती, आणि मी उपसतो आहे किती? तापी आणि गोदावरी यांच्या सीमेवर वसलेल्या या जिल्ह्यात पडलेला प्रत्येक थेंब दोहोंपैकी एका उताराने निघून जाण्याच्याच बेतात असतो. तो परसातल्या एका वाफ्यात थोडा अधिक काळ थांबला, तरी या पाठाचे सार्थक झाले म्हणावयाचे.